४८० रुपयांची सोंड

ज्या वस्तूबद्दल लिहितेय तिला दुकानदार ‘फ्लेक्सिबल स्टँड’ म्हणतो, माझी मुलगी ‘गूजनेक’ म्हणते आणि माझ्या वर्गातली मुलं ‘बाईंची सोंड’ म्हणतात. एका टोकाला टेबलाच्या कडेला आवळायचा चाप, दुसऱ्या टोकाला मोबाईल धरणारा चिमटा आणि मधे हवी तशी वळणारी काळी नळी. ऑगस्ट २०२० मध्ये ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून पहिली घेतली, ४८० रुपयांना. ती धरून आजवर अशा सात घेतल्या. दोन मोडल्या, एक कुणाकडे राहिली ते आठवत नाही, चार अजून फिरतीवर आहेत. एवढा अनुभव गाठीशी असताना गप्प बसवत नाही.

मी कळव्याला राहते आणि ठाण्यातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. बरीच वर्षं भाग दोन माझ्याकडेच आहे, म्हणजे भूमिती. बीजगणित एक वेळ फोनवर बोलून सांगता येईल, भूमिती कशी सांगणार? ‘या बिंदूतून ही रेघ’ म्हणताना बोट कुठे आहे ते समोरच्याला दिसलं पाहिजे. ऑनलाइन शाळेत माझं घोडं तिथेच अडलं होतं, ते या सोंडेने हलवलं. घाईत असणाऱ्यांना निकाल आधीच सांगते: वस्तू घ्यावी, पण एकीने भागत नाही, दोन लागतात. दुसरी कशाला, ते कळायला मला चार वर्षं लागली.

आधी सोंड नसतानाची गंमत. जून २०२० मध्ये शाळा मोबाईलवर सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकघरातून दोन उंच डबे आणले, एकात तूरडाळ, एकात पोहे. त्यांच्यावर दोन फूटपट्ट्या आडव्या, पट्ट्यांवर मोबाईल, कॅमेरा पट्ट्यांमधल्या फटीतून खाली वहीकडे बघतोय. पूल झकास होता. पण डब्यांची उंची ती किती! अर्धंच पान दिसायचं आणि लिहिणारा हात बोगद्यात घातल्यासारखा. त्यात एके सकाळी घरात कांदेपोहे झाले, पोह्यांचा डबा हलका झाला, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता चालू होती. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकत होते, कोपर लागलं आणि लंबाऐवजी मोबाईल पडला. मुलांना काळोख दिसला आणि माझं ‘अगं आई गं’ ऐकू आलं. पुढचे आठ दिवस कुणाचं काही चुकलं की ग्रुपवर तेच उद्गार.

मग पेन टॅबलेट. शाळेतल्या एका तरुण सरांकडून आठवडाभर मागून आणला. ते त्यावर मोत्यासारखं अक्षर काढतात, त्यामुळे वस्तूला दोष देत नाही. पण हात टेबलावरच्या पाटीवर आणि अक्षर उमटतंय समोरच्या पडद्यावर, हे मला या वयात जमेना. माझा ‘क्ष’ गांडुळासारखा दिसायचा. शिवाय त्या पाटीवर कंपास टेकवता येत नाही. वर्तुळाचं चिन्ह दाबलं, ओढलं, की आयतं वर्तुळ तयार. दहावीच्या पेपरात असं बटण नसतं. तिथे टोक रोवायचं, अंतर घ्यायचं, मनगट फिरवायचं, आणि वर्तुळ जिथून निघालं तिथेच येऊन मिटलं पाहिजे.

तयार धड्यांची टंचाई मात्र नव्हती. सरकारच्या दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ होते, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येत होती. मीच मुलांना लिंक पाठवायची. पण त्या व्हिडिओतला हात कधी अडखळत नाही, थांबत नाही, खोडत नाही. फळ्यावर शिकवताना मी मुद्दाम एखादी पायरी चुकवते आणि कोण ओरडतं ते बघते. मागच्या बाकावरून ‘बाई, कोन उलटा!’ असं आलं की समजायचं, आजचं पोचलं.

तर सोंड. घरी आणून टेबलाला लावली, तास सुरू केला, आणि पहिल्या पाच मिनिटांत एका मुलाने विचारलं, ‘बाई, हे वर्तुळ आहे का अंडं?’ मोबाईल कागदाच्या बरोबर डोक्यावर आणि कागदाला समांतर नसेल तर वर्तुळ लंबवर्तुळ दिसतं, चौरस तिरका होतो, काटकोनाचा काटकोन राहत नाही. भूमितीच्या बाईंच्या घरी भूमितीच चुकलेली. उपाय साधा आहे, पण शोधायला दोन दिवस लागले. वहीचं पान चौकटीत धरायचं आणि पानाच्या चारही कडा पडद्याच्या कडांना समांतर होईपर्यंत नळी वळवत राहायची. गवंड्याचा ओळंबा असतो तसं ते पान. आजही तासाआधी दोन मिनिटं मी हाच उद्योग करते.

मग सावल्या. डोक्यावर ट्यूब, ट्यूबखाली मोबाईल, त्याखाली माझा हात, आणि या सगळ्यांच्या सावल्या नेमक्या त्रिकोणावर. टेबल खिडकीशी नेलं, उजेड डावीकडून येईल असं, कारण मी उजव्या हाताने लिहिते. दिवसा प्रश्न मिटला. संध्याकाळी दिवा लावला की पडद्यावर फिकट काळे पट्टे वर-खाली सरकायला लागायचे. मला वाटलं मोबाईल गेला. नवऱ्याला विजेच्या कामातलं कळतं, त्याने सांगितलं की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याच्या चुगलीतून कळतं. त्याने टेबललॅम्पमध्ये दुसरा, बऱ्यातला एलईडी बल्ब लावून दिला, पट्टे गेले. हे इथे सविस्तर लिहितेय, कारण पट्ट्यांपायी नवा मोबाईल घ्यायला निघालेली एक बाई माझ्या ओळखीत आहे.

पेन्सिलचंही तेच. एचबीची बारीक रेघ आपल्याला दिसते, पण नेट थोडं मंदावलं की समोरच्याच्या पडद्यावर आधी ती पुसली जाते. मी टूबी, म्हणजे जास्त गडद उमटणारी, वापरायला लागले. शेवटची आकृती निळ्या स्केचपेनने. हात चौकटीत आला की कॅमेरा हाताकडे बघतो, हात बाहेर गेला की कागदाकडे, आणि मधला क्षणभर सगळं धूसर. त्यावर उपाय सापडला नाही. हात हळू नेते, इतकंच.

सगळ्यात मोठा घोटाळा खोडरबराचा. चाप टेबलाला आवळलेला, त्यामुळे टेबल हललं की नळी हलते आणि नळीच्या टोकाला अडकवलेला मोबाईल झोक्यासारखा डुलतो. मी खोडायला लागले की ३८ घरांत भूकंप. ‘बाई, होडीत बसल्यासारखं वाटतंय,’ असं एका मुलीने लिहिलं आणि खाली वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. म्हणून चाप टेबलाचा काढून खिडकीच्या ग्रिलला लावला. तेव्हापासून माझी सोंड ग्रिललाच असते. बाहेर पारसिकचा डोंगर, आत समरूप त्रिकोण.

हे सगळं मोबाईलने मुलांना हात दाखवण्यापुरतं. मुलं मला दिसायला लॅपटॉप वेगळा लागायचा. एकाच खोलीतली दोन यंत्रं एकाच वर्गात शिरली आणि दोघांचे माइक चालू राहिले की कान फाडणारी शिट्टी ऐकू येते, म्हणून मोबाईलचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवायचे. आमच्या घरी लॅपटॉप एक आणि हक्कदार तीन, मुलगी तेव्हा बारावीला. त्या भांडणांचं वर्णन करत नाही, ज्याच्या त्याच्या घरी झालीच असतील.

आता दोष. पहिला मानेचा. सुरुवातीचे दोन महिने ठेवाल तिथे राहते, मग थकते. तास सुरू होताना पूर्ण पान दिसायचं, पंचवीस मिनिटांनी खालच्या चार ओळी आणि माझी करंगळी. नळी सरळ पुढे ताणली की लवकर झुकते. नागाच्या फण्यासारखी आधी मागे आणि मग पुढे वळवली की टिकते. तरीही मी वरून जुन्या परकराची नाडी बांधून ती ग्रिलला अडकवली होती. दिसायला भयंकर, पण कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते मुलांना कुठे दिसतंय?

दुसरा दोष चिमट्याचा. त्याचा दात मोबाईलच्या कडेला नेमका त्या बटणावर बसतो ज्याने मोबाईल बंद होतो. दोनदा ऐन तासात पडदा मिटला. तिसरा दोष चापाच्या फिरकीचा. ती प्लास्टिकची होती, पाचव्या महिन्यात तडकली. दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, याला वॉरंटी नसते.’ मी पावती पुढे केली, तिच्यावर ‘सहा महिने वॉरंटी’ छापलेलं. त्याने शांतपणे सांगितलं, ‘ते चार्जरसाठी छापलंय. पावतीपुस्तक एकच आहे ना.’ खोक्यावर कंपनीचं नाव बोटभर उंचीच्या अक्षरात आणि पत्त्याच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. शेवटी नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून १५ रुपयांचा लोखंडी बोल्ट आणून बसवला. ती सोंड पुढे तीन वर्षं चालली.

तेव्हा हात दिसायला लागला आणि मी खूश झाले. पण मला काय दिसत होतं? लॅपटॉपवर काळे चौकोन, प्रत्येकात नावाचं एक अक्षर. ‘समजलं का?’ ‘हो बाई.’ पाच-सहा आवाज एकमेकांत अडकलेले, कोण बोललं कळत नाही, कोण नाही बोललं ते तर नाहीच. फळ्याकडे तोंड करून लिहितानासुद्धा मागे कोण गडबडलंय ते मला समजतं. पानं उलटल्याचा आवाज, शेजाऱ्याला विचारलेलं ‘काय गं?’, कंपासपेटी पडल्याचा खणखणाट. चौकोनांतून यातलं काही येत नव्हतं.

कॅमेरा लावा, असा मी एकदा आग्रह धरला. चुकलंच माझं. एका मुलाने लावला. त्याच्या मागे त्याची आई भांडी घासत होती. तिने घाईने पदर सावरला, कॅमेऱ्याच्या बाजूला व्हायला बघितलं, आणि त्या खोलीला बाजू नव्हतीच. मीच म्हटलं, ‘अरे राहू दे, नेट जाईल तुझं.’ त्यानंतर आजपर्यंत कुणाला कॅमेरा लाव म्हटलेलं नाही.

गृहपाठ फोटोतून यायचा. ३८ मुलं, प्रत्येकी तीन-चार पानं, आडवी, उलटी, अंधारी, एकात तर धाकट्या भावाचा पाय. मोबाईल भरून गेला, जागा करायला भाचीच्या लग्नाचे फोटो काढून टाकावे लागले आणि ते वहिनींना अजून सांगितलेलं नाही. बोटाने लाल खुणा करत रात्री साडेअकरा वाजायचे. घरातला एकच मोबाईल वडील कामाला घेऊन जायचे अशी आठ-नऊ मुलं होती. ‘बाबा आले की येते, बाई,’ असा निरोप यायचा. त्यांच्यासाठी मी रात्री आठला तोच तास पुन्हा घ्यायची आणि तेव्हा बाबा जेवत असायचे, टीव्ही चालू असायचा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली तेव्हा माझा वर्ग चालू होता. निम्मे चौकोन विझले, मग मीही विझले. त्या दिवशी निदान सगळ्यांची अडचण सारखी होती.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असा हिशेब लावून निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. घरी पेढे आले, खाल्ले. पण त्या बॅचने वर्षभरात कंपास किती वेळा हातात धरला, हे मला सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, लेखी परीक्षा झाली ती अभ्यासक्रम २५ टक्के कमी करून आणि वेळ वाढवून: ८० गुणांच्या पेपरला ३० मिनिटं जास्त, ४० गुणांच्या पेपरला १५. लिहिण्याची सवय गेली होती ना. मी मराठीच्या पेपरला पर्यवेक्षणावर होते. दीड तास झाल्यावर मुलं पेन खाली ठेवून बोटं मोडायला लागली, एका पाठोपाठ एक. उत्तर येतंय आणि हात चालत नाही, असा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता.

शाळा त्याआधीच, ऑक्टोबर २०२१ पासून, भरायला लागल्या होत्या. मधे काही दिवस पुन्हा बंद झाल्या, पण एकूण फळा परत मिळाला. सोंड कपाटावर गेली. हा अभिप्राय खरं तर तिथेच संपायला हवा होता.

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीचा जिन्यावरून पडून पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर, जानेवारीत पूर्वपरीक्षा. घर लोकमान्यनगरला, एका खोलीचं, आई साड्यांना फॉल-पिको करते. मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा दुपारी ऑनलाइन घेते. सोंड कपाटावरून खाली काढली. पहिल्या दोन आठवड्यांत जुनाच खेळ. मी दाखवतेय, पलीकडे काळा चौकोन, ‘हो बाई’.

भौमितिक रचनेत एक आहे: वर्तुळकेंद्राचा उपयोग न करता वर्तुळावरच्या बिंदूतून स्पर्शिका काढणे. जीवा काढायची, तिच्यासमोर वर्तुळावर कोन करायचा, आणि तो कोन कंपासने उचलून स्पर्शबिंदूपाशी जसाच्या तसा ठेवायचा. तिने फोटो पाठवला. स्पर्शिका वर्तुळाला दोन ठिकाणी छेदून आत गेलेली. मी लिहिलं, ‘चूक. पुन्हा काढ.’ पुन्हा तसंच. चार वेळा. पायऱ्या मात्र वहीत अचूक लिहिलेल्या. मी मनात ठरवून टाकलं की ही पायऱ्या पाठ करून लिहिते, कळलेलं काही नाही.

माझी मुलगी आता ऐरोलीला आयटीत आहे, अर्धा आठवडा घरून काम करते. तिने जेवताना सहज म्हटलं, ‘आई, मग सोंड तिच्याकडे दे ना. तुझी भूमिती तुला येतेच.’

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, नवी घेतली आणि टीएमटीच्या बसने लोकमान्यनगरला. घरात टेबल नव्हतं. खाटेचा पाइप गोल, त्याला चाप लागेना, गोल गोल फिरायचा. मी इकडे तिकडे बघत होते, तेवढ्यात तिची आई म्हणाली, ‘बाई, मशीनला लावा की.’ शिलाई मशीनच्या फळीला चाप असा बसला जसा काही त्यासाठीच केलाय. मशीन जड, त्यामुळे हलायचा प्रश्न नाही. आणि सुईवर उजेड पडावा म्हणून मशीनला जो छोटा दिवा असतो, तो नेमका वहीवर. मला स्वतःच्या घरी जे जमायला महिना गेला, ते त्या माऊलीच्या मशीनवर दोन मिनिटांत झालं. ‘ताई, दोन ते तीन चालेल ना?’ विचारलं. ‘चालेल, पण तीनला मशीन लागेल, लग्नसराईच्या साड्या आहेत.’

बुधवारी दोनला मी कळव्यात लॅपटॉपसमोर बसले. पहिल्यांदाच पडद्यावर काळा चौकोन नव्हता. वही होती, आणि हात. बाजूला साडीचं जरीचं काठ आलेलं. मी म्हटलं, ‘काढ बघू स्पर्शिका, मी काही बोलणार नाही.’

तिने वर्तुळ काढलं, जीवा काढली, कोन केला. सगळं बरोबर. मग कोनाच्या शिरोबिंदूवर टोक ठेवून कंस मारला. आणि कंपास उचलून स्पर्शबिंदूकडे नेताना तिने तो पायांना धरून नेला. दोन बोटं टोकाच्या पायाला, दोन पेन्सिलच्या. नेता नेता अंतर दोनेक मिलिमीटर मिटलं. तिला पत्ताच नाही. दुसरा कंस लहान निघाला आणि पुढचं सगळं बिघडलं. ‘थांब,’ मी म्हटलं. ‘कंपासची मान धर. वरची मूठ. पायांना हात लावायचा नाही.’ शिवाय पेन्सिलचा तुकडा अंगठ्याएवढा उरलेला, कंपासच्या कडीत सैल. त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळायला लावली. पुन्हा काढली. रेघ वर्तुळाला एका ठिकाणी टेकून निघून गेली. पलीकडून हळूच आवाज आला, ‘बाई, लागली!’ आणि मागून आईचा, ‘काय लागलं गं?’

चार फोटो बघून मी चार वेळा ‘चूक’ लिहिलं होतं आणि चूक फोटोत नव्हतीच. ती कंस आणि कंसाच्या मधल्या प्रवासात होती.

त्यानंतर मी आणखी घेतल्या. आता रविवारी दुपारी आळीपाळीने दोघा-तिघांना घेते, विटावा, दिवा, किसननगर, जो घरी अडकलाय किंवा ज्याचं वर्गात राहून गेलंय तो. सोंडा वाचनालयाच्या पुस्तकांसारख्या पंधरा दिवस देते, वहीत नाव लिहून. मुलांना चेहरा दाखव म्हटलं की नेट जातं. वही दाखव म्हटलं की कुणाचंच जात नाही.

अडचणी आहेतच. घरात एकच मोबाईल असेल तर तो सोंडेवर चढल्यावर मुलाला माझं पान नीट बघता येत नाही. म्हणून पहिली पंधरा मिनिटं मोबाईल त्याच्या हातात आणि मी दाखवते, मग मोबाईल सोंडेवर आणि मी नुसती बोलते. झूमचा फुकटातला वर्ग ४० मिनिटांनी बंद होतो, त्यात हे बरोबर बसतं. रोजचा दीड जीबी डेटा मोठ्या भावाने दुपारपर्यंत रील्समध्ये उडवला असेल तर तास रात्री बारानंतरच होऊ शकतो, म्हणजे होत नाही. आणि चाळीसच्या वर्गाला हे औषध नाही. चार वह्या एका वेळी पडद्यावर आल्या की माझी नजर फिरायला लागते, त्याहून जास्त मी घेतच नाही. ज्यांना हे अख्ख्या शाळेला लावायचं असेल त्यांनी आधी बाई किती आहेत ते मोजावं.

घेणार असाल तर आपला मोबाईल दुकानात घेऊन जा, तिथेच नळीला लावा आणि दुकानदाराशी दहा मिनिटं गप्पा मारा. तेवढ्यात मान झुकली तर घेऊ नका. फिरकी धातूची बघा. चाप पुरेसा उघडतो का ते बघा, ओट्याची कडा त्यात बसली पाहिजे, कारण बऱ्याच घरांत टेबल नसतं, ओटा असतो. गोल पाइपला लावायची वेळ आली तर जुन्या रबरी चपलेचा तुकडा मधे घाला. गुण द्यायचे तर दहापैकी साडेसहा. दीड मानेचा कापला, एक चिमट्याचा, एक त्या वॉरंटीचा.

हल्ली ती साडेतीनशेला मिळते. मागच्या महिन्यात सातवी घ्यायला गेले तर दुकानात नवा मुलगा होता. मालकाने ओळखलं, पण वॉरंटीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, किती स्टँड नेता! चॅनल जोरात चाललंय वाटतं?’ मी म्हटलं, हो. त्याने तीस रुपये कमी केले.